करवतीची जागा मांडीवर नाही

जिल्हा बैठकीत कापसाच्या भावाची चर्चा होईल, ज्वारीच्या खरेदीची होईल, वीजबिलाची आणि पीकविम्याची होईल. या चर्चा व्हायलाच पाहिजेत. या पानावर मात्र आम्ही एका बारक्या वाटणाऱ्या गोष्टीबद्दल लिहिणार आहोत. झाड तोडायला निघालेल्या ट्रॅक्टरवर पेट्रोलची करवत ठेवायची कुठे, एवढाच प्रश्न आहे. काहीजण म्हणतील, भाव मिळत नाही तिथे करवतीचे काय घेऊन बसलात? त्यांनी शेवटपर्यंत वाचावे आणि मग आम्हाला जाब विचारावा.

पूर्वी हा प्रश्न आपल्याकडे नव्हता. धुऱ्यावरची बाभूळ पाडायची तर दोन गडी, दोन कुऱ्हाडी आणि अख्खा दिवस. कुऱ्हाड खांद्यावर जाई, नाहीतर बंडीत पडून जाई. बंडीचा वेगच असा की कुऱ्हाड कोणाच्या अंगावर उडून येण्याची भीती नव्हती. आता वळवाच्या वादळात पांदणीवर झाड आडवे पडले, की गावात कोणाकडे तरी झाड कापायची मशीन असते. अर्ध्या तासात रस्ता मोकळा होतो. ज्वारीवर सावली धरणाऱ्या फांद्या, धुऱ्यात घुसलेली सुबाभूळ, वाळलेला निंब, ही सगळी कामे मशीनने उरकतात. बाजारी मशीन पाच ते आठ हजारांत मिळते, नावाजलेल्या कंपनीची त्याच्या कितीतरी पटीने महाग. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये क्विंटल जाहीर झाला होता. म्हणजे एका क्विंटल कापसात एक बाजारी मशीन येते. तो भाव हातात पडला तर, हे वेगळे सांगायला नको.

मशीन आली हे चांगलेच झाले. मजूर मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही, अशा दिवसांत यंत्राला नाक मुरडणारे लोक शहरात राहतात. आम्हाला त्यांच्या पंगतीला बसायचे नाही. पण मशीन घरी आली तेव्हा तिच्याबरोबर तिची जागा आली नाही. पाच-सात किलोचे धूड, पुढे दीड फुटाचा बार, त्यावर धारदार दातांची चेन, पोटात पेट्रोलची टाकी आणि शेजारी चेनच्या तेलाची टाकी. एवढे सगळे घेऊन ट्रॅक्टरवाला निघतो तेव्हा त्याला तीनच जागा सुचतात. एक, ट्रॉलीत टाकून द्यायची. दोन, मागच्या लिफ्टला दोरीने लटकवायची. आणि तीन, मडगार्डवर बसलेल्या गड्याच्या मांडीवर द्यायची. आमच्या भागात तिसरीच जागा जास्त चालते.

आमच्याकडेही तीच चालत होती. मशीन आमची, ट्रॅक्टर आमचा, मडगार्डवरचा गडी आमच्याच कामावर आलेला. मशीन बंद होती आणि चेन फिरत नव्हती, म्हणून कोणालाच काही वाटले नाही. पांदणीतल्या खड्ड्यात चाक आदळले, गडी पुढे कलला आणि तोल सावरायला त्याने मशीनवरचा हात काढून मडगार्ड धरले. मशीन घसरली. नवी धार लावलेली चेन फिरावी लागत नाही, नुसती ओढली गेली तरी पुरते. मांडीला अकरा टाके पडले. दोन वीत इकडे सरकला असता तर मागच्या चाकाखालीच गेला असता.

दवाखान्याचा खर्च आम्ही दिला आणि आपले कर्तव्य झाले असे मनाला सांगितले. ते दिवस वेचणीचे होते. तीन आठवडे त्याला शेतात वाकता आले नाही. त्या तीन आठवड्यांची मजुरी त्याला कोणी दिली? आम्ही दिली नाही. द्यायची असते हे तेव्हा सुचलेसुद्धा नाही. ते सुचले त्याच्या बायकोने दुकानात उधारी मागितल्याचे कानावर आले तेव्हा. हे लिहिताना आम्हाला बरे वाटत नाही. पण सरकारच्या चुका मोठ्या अक्षरांत छापणाऱ्या पानावर आपल्या चुकांना जागा नसेल, तर ते पान कोणी खरे मानू नये.

आता हिशेब पाहू. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघाताची सानुग्रह योजना राज्यात आहे. मृत्यू झाल्यास दोन लाख, एक हात किंवा एक पाय गेल्यास एक लाख. ती सात-बारावर नाव असलेल्या खातेदाराला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका माणसाला लागू आहे. मांडीचे टाके तिच्यात बसतच नाहीत. पण उद्या पाय गेला तरी ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही अशा गड्याला ती नाही. ट्रॅक्टरचा विमा म्हणावा, तर ट्रॅक्टरवर चालकाशिवाय दुसऱ्या माणसाची जागाच धरलेली नसते. अपघात झाला की विमा कंपनी नेमके त्याच ओळीवर बोट ठेवते. मडगार्डवर बसलेला माणूस कागदोपत्री तिथे नसतोच.

उत्पादन खर्च काढताना औजारांची झीज धरतात, बैलजोडीचा खर्च धरतात, घरच्या माणसांच्या कष्टाची किंमत धरतात. ती कमी धरतात म्हणून तर आपले भांडण आहे. पण गड्याच्या मांडीची झीज कोणत्या रकान्यात लिहायची? दिल्लीच्या कागदात तो रकाना नाही, हे खरे. आपल्या वहीत तरी कुठे आहे? आपल्याला घामाचे दाम मिळत नाही म्हणून आपण रस्त्यावर आलो. गड्याचा घाम आणि गड्याचे रक्त फुकट धरायचे असेल, तर आपल्या मागणीचा आवाज आपल्याच घशात अडकला पाहिजे.

भाव नाही म्हणून दुसरी गाडी नाही, दुसरी खेप परवडत नाही, म्हणून एकाच ट्रॅक्टरवर चालक, गडी, मशीन, पेट्रोलचा डबा आणि भाकरीचे फडके असा सगळा संसार निघतो. हे आम्ही जाणतो. पण हातभर अँगल आणि चार यू-बोल्ट परवडत नाहीत, असे कोणी म्हणू नये. इथे अडले ते पैशाने नाही. आपण लक्ष दिले नाही म्हणून अडले.

औजाराची जागा हा औजाराचाच भाग असतो. तलवार घडवणारा म्यानही घडवतो. आपल्या सुताराने तिफण केली तेव्हा ती शेतापर्यंत कशी जाईल याचाही विचार केला होता. ट्रॅक्टरचा इतिहास तर हेच सांगतो. सुरुवातीच्या ट्रॅक्टरना नांगर मागे साखळीने ओढायला बांधत. नांगर दगडाला किंवा मुळाला अडला की चाके थांबत आणि ट्रॅक्टरचे तोंड वर उचलून तो चालकाच्या अंगावर उलटे. माणसे मेली. आयर्लंडमधल्या एका शेतकऱ्याच्या मुलाने, हॅरी फर्ग्युसनने, १९२० च्या दशकात तीन ठिकाणी जोडायची पद्धत काढून नांगर आणि ट्रॅक्टर एकजीव केला. आज आपल्या प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे जी लिफ्ट दिसते ती त्यातूनच आली. फर्ग्युसनने नांगराचा फाळ शोधला नव्हता. औजार बांधायचे कुठे आणि कसे, एवढाच प्रश्न त्याने सोडवला आणि शेती बदलली.

अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात शेतकरी कुंपण पाहायला चार चाकांच्या रानगाडीवर फिरतात. त्या गाडीवर आणि ट्रॅक्टरवर चेनसॉ नेण्यासाठी तिकडेही घरच्या घरी खटपट चालते. कोणी लाकडाच्या ठोकळ्याला खाच पाडून त्यात बार खुपसतो, कोणी प्लास्टिकच्या पाइपचे म्यान करतो, कोणी रबरी पट्ट्यांनी आवळतो. तिकडे तयार चौकटी विकत मिळतात. तरीही तो स्वतः करतो, कारण दुकानातली वस्तू त्याच्या गाडीला आणि त्याच्या कामाला नेमकी बसत नाही. त्याला कोणी बिचारा म्हणत नाही. आपण तेच केले की शहरातले लोक ‘काय जुगाड आहे!’ म्हणून टाळ्या वाजवतात. त्या टाळ्यांनी आपण फुगू नये. गरिबीतून केलेल्या तडजोडीला कौतुकाचे लेबल लावले म्हणून ती मजबूत होत नाही. दोरी सुटायची तेव्हा सुटतेच. घरी बनवायचे ते अवश्य बनवावे, पण जुगाड म्हणून नाही, औजार म्हणून बनवावे. औजाराला माप असते, कस असतो आणि चूक झाली तर दुरुस्ती असते.

अपघातानंतर आम्ही गावच्या वेल्डिंगवाल्याकडे बसून जे केले ते इथे सांगतो. त्याहून चांगले कोणी केले असेल तर ते आम्हाला शिकायचे आहे.

पहिली गोष्ट म्यानाची. ७५ मिलिमीटरच्या प्लास्टिक पाइपचा तुकडा घेतला. दीड फुटाच्या, म्हणजे ४५ सेंटिमीटरच्या बारला ५० सेंटिमीटर पाइप पुरतो. तो उकळत्या पाण्यात मऊ केला आणि दोन फळ्यांमध्ये दाबून चपटा केला. पाइप जाळावर धरू नये. त्याचा धूर छातीला वाईट आणि पाइपही कडक होऊन तडकतो. म्यानाच्या टोकाला एक भोक ठेवावे, म्हणजे साचलेले तेल आणि भुसा बाहेर पडतो.

दुसरी गोष्ट जागेची. मशीन जमिनीवर जशी ठेवतो तशीच सरळ बसली पाहिजे, बार आडवा. उलटी किंवा कुशीवर ठेवली की टाकीच्या झाकणातून गळते. मागे औजार नसेल तर लिफ्टच्या चौकटीवर जागा होते. पण मागे वखर किंवा ट्रॉली जोडली की ती जागा जाते. म्हणून आम्ही पुढच्या बंपरवर अँगल आणि पत्र्याचा छोटा ट्रे केला. तो रेडिएटरच्या जाळीसमोर येऊ देऊ नये, नाहीतर इंजिन तापते. दिव्याचा उजेड अडू नये. बारचे टोक चाकाच्या बाहेर जाऊ नये, नाहीतर धुऱ्यावरचे बोरीचे झुडूप त्याला ओढते. चढण्या-उतरण्याच्या पायरीजवळ आणि फिरत्या शाफ्टजवळ तर काहीच बांधू नये.

तिसरी गोष्ट जोडणीची. ट्रॅक्टरच्या मूळ सांगाड्याला भोके पाडू नयेत, वेल्डिंग करू नये. यू-बोल्टने आवळावे. काढायचे झाले तर पान्याने निघाले पाहिजे. ट्रेवर वेल्डिंग करायचे ते ट्रॅक्टरपासून लांब करावे. जुने डिझेलचे पिंप कापून पेटी करायची कल्पना अनेकांना सुचते. रिकाम्या दिसणाऱ्या पिंपात वाफ असते आणि ठिणगी पडली की ते फुटते. त्या वाटेला जाऊ नये.

चौथी गोष्ट आवळण्याची. ट्रेमध्ये जुन्या टायरचा तुकडा अंथरावा, म्हणजे हादरे मशीनच्या बोल्टपर्यंत कमी जातात. वरून ट्यूबच्या दोन पट्ट्या, एक पुढच्या मुठीवर आणि एक मागच्या. रबर उन्हाने मरते. पोळ्याला बैलाची वेसण आणि कासरा बदलतो तशीच ही पट्टी दर पोळ्याला बदलावी. निघण्याआधी मूठ धरून जोराचा हिसका द्यावा. मशीन जागची हलली तर ट्रॅक्टर हलवू नये.

पाचवी गोष्ट आगीची, आणि कापूस-ज्वारीवाल्यांनी ती दोनदा वाचावी. काम संपले की मशीनचा सायलेन्सर कितीतरी वेळ तापलेला असतो. ती तशीच कडब्यावर किंवा कापसाच्या ट्रॉलीत ठेवणे म्हणजे वर्षभराच्या मेहनतीवर निखारा ठेवणे. मशीन आधी जमिनीवर निववावी, मग उचलावी. पेट्रोल-तेलाचे मिश्रण पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नये. त्याचा रंग पोरांना सरबतासारखा दिसतो. वेगळा डबा, घट्ट झाकण, वर मोठ्या अक्षरांत नाव, आणि जागा भाकरी व बियाण्यापासून लांब.

या सगळ्याला आमचा एक दिवस गेला. लोखंड बरेचसे घरच्या भंगारातले निघाले. ट्रे बसल्यावर आम्ही मडगार्डकडे पाहिले आणि खरी गोष्ट उमजली. गडी मडगार्डवर बसत होता तो मशीन धरण्यासाठी. मशीनला जागा मिळाल्यावर त्याला तिथे बसण्याचे कारणच उरले नाही. आता तो सायकलने किंवा मागून चालत येतो. दहा मिनिटे उशिरा येतो. त्या दहा मिनिटांची मजुरी आम्ही कापत नाही.

आपल्या चळवळीने तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागितले आहे. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहागीर इथे बंदी असलेले तणनाशक-सहनशील कापसाचे बियाणे शेतकऱ्यांनी उघडपणे पेरले, ते याच स्वातंत्र्यासाठी. आपल्या शेतात काय पेरायचे, कोणते यंत्र वापरायचे हे आपण ठरवू, असे आपण म्हणतो. मग ते यंत्र कोणाच्या जिवावर वापरायचे नाही, हेही आपणच ठरवले पाहिजे. नाहीतर ते ठरवायला एक दिवस इन्स्पेक्टर येईल, त्याच्या हातात फॉर्म असेल आणि फॉर्मबरोबर त्याचा दर असेल. सरकारी खाक्या आपल्याला ठाऊक आहे. शेतातला साग, आंबा, चिंच किंवा मोह तोडायचा तर १९६४ च्या कायद्याप्रमाणे परवानगी काढा. झाडाची काळजी कागदावर आहे. झाड तोडणाऱ्याची काळजी त्या कागदात शोधू नका, ती आपल्यालाच घ्यायची आहे.

म्हणून आम्ही अनुदान मागत नाही. अँगलच्या चार तुकड्यांसाठी पोर्टलवर अर्ज भरत बसण्याची वेळ आपल्यावर येऊ नये. आमच्या सूचना तीन आहेत. पुढच्या बैठकीला प्रत्येक तालुक्यातून एकाने तरी आपल्या ट्रॅक्टरवर केलेली चौकट आणावी, ती सगळ्यांसमोर खोलून दाखवावी आणि मापे वहीत उतरवू द्यावीत. गावच्या वेल्डिंगवाल्यालाही बोलवावे. त्याला खुर्चीवर बसवावे, कारण या विषयात व्यासपीठावरच्या कोणापेक्षाही त्याला जास्त कळते. दुसरी सूचना, मशीन विकणाऱ्या दुकानदाराला सगळ्यांनी मिळून सांगावे की बारचे म्यान आणि मराठीतले माहितीपत्रक दिल्याशिवाय मशीन घेणार नाही. एकट्याने सांगितले तर तो हसेल. पन्नास जणांनी सांगितले तर आणून ठेवेल. हा बाजार आहे, आणि बाजारात गिऱ्हाइकानेही आपली ताकद ओळखायची असते. तिसरी सूचना सर्वांत साधी. आपल्या कामावर असताना गडी जायबंदी झाला, तर त्याच्या बुडालेल्या मजुरीचा रकाना आपल्या वहीत आजच आखून ठेवावा. तो कोरा राहिला तर आनंदच आहे.

आम्ही आमच्या गड्याची तीन आठवड्यांची मजुरी उशिरा का होईना दिली. त्याने ती मोजली, कनवटीला लावली आणि विचारले, “हे कशाचे?” आम्ही सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “मग तो ट्रे तेवढा मजबूत करा.” त्यानंतर आम्ही दोन यू-बोल्ट आणखी बसवले.

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, भावाची लढाई लांबची आहे आणि ती आपण लढणारच आहोत. ही लढाई एका दिवसाची आहे, गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात जिंकता येते आणि तिला दिल्लीची परवानगी लागत नाही. बैठकीहून घरी जाताना आपापल्या ट्रॅक्टरच्या मडगार्डकडे एकदा नीट पाहा. तिथे कोण बसले आहे आणि त्याच्या मांडीवर काय आहे, ते पाहा.